एक चक्रवाक, एक बायूद

३ मार्च

मिलूदा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. अक्षर माझंच आहे, हसू नकोस. मशिदीत बायकांचा वर्ग भरतो, तिथे दोन हिवाळे बसले तेव्हा कुठे एवढं जमतं. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं, पण मग गावानं आधी वाचलं असतं. तुला रब्हा वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. रब्हा, तू माझी मुलगी असलीस तरी तिथे सून आहेस. मधे आपलं काही घालू नकोस. लिहिलंय तेवढंच वाच.

कामाचं बोलते. आईचं खजुराचं झाड कापायचं आहे. जमीन माझ्या वाट्याची, पण झाड आपल्या दोघींचं. आईनं मुद्दामच तसं करून ठेवलं. अर्धं अर्धं झाड दिलं की दोघी एकमेकींना सोडणार नाहीत, असं तिला वाटलं असेल. पाटकरी सी मबारक म्हणतो, दोघींच्या नावाचं झाड एकीच्या सांगण्यावरून कापत नाहीत, दुसरीचा होकार चार माणसांपुढे यायला हवा. मी म्हटलं, ती यायची नाही. तो म्हणाला, मग अंगठा मागव. म्हणून सोबत कागद पाठवते आहे. त्यावर अंगठा उठव आणि बसवाल्या बूजमाकडे दे. तो सोमवारच्या बाजाराला इकडे येतोच.

धरणाचं पाणी महिनाअखेर सोडणार आहेत. त्याआधी झाड जायला हवं.

दीड वर्ष एक शब्द नाही आणि आता अंगठा मागते, असं म्हणशील. म्हण. मला भांडायला वेळ नाही. गुडघे धरलेत, जवाला पाणी नाही, विहीर खाली गेली. हिवाळाभर ढग आले आणि तसेच कोरडे गेले.

चक्रवाकांची जोडी परत आली आहे. पडक्या गढीच्या भिंतीत, त्याच भोकात. उजाडलं की दोघं माझ्या जवात उतरतात, खातात आणि वर ओरडतात, जसं काही मीच त्यांचं खाल्लं. ढेकूळ मारलं की चार हात पुढे जाऊन बसतात. लाज म्हणून नाही.

तुझ्या मुलाचं, ह्मादचं ऐकलं. यंदाही त्याला कुणी झाडावर चढू देत नाही म्हणे. फुलोऱ्याचे दिवस, एकेका झाडाला नराचा फुलोरा बांधायला माणूस मिळत नाही, आणि एवढा चांगला चढणारा घरी बसवून ठेवलाय. म्हणतात, ह्याच्या विळ्याबरोबर बायूद फिरतो, खजुराची मर एका बागेतून दुसरीत जाते. लोक मूर्ख आहेत.

सोबत मेंदीची दोन रोपं पाठवते, मुळासकट, ओल्या गोणपाटात बांधून. आईच्या झाडाखालची आहेत. रंग चांगला देते. रिकाम्या हातानं तुझ्या घरी काही पाठवायची मला सवय नाही, भांडण असलं तरी.

अंगठा विसरू नकोस.

यामना


११ मार्च

मिलूदा,

बूजमानं रब्हाची चिठ्ठी दिली. चार ओळी. अंगठा नाही. ‘मावशी विचारते, झाड का कापायचं. मेंदी तिनं दाराशी लावली, खजुराच्या नव्या पिल्लांच्या ओळीत. रोज तीच पाणी घालते.’

तू नवी पिल्लं लावलीस हे मला माहीत नव्हतं. कुठून आणलीस? चांगली आहेत ना? मेंदी लावलीस ते बरं केलंस. मला वाटलं होतं, फेकून देशील.

झाड का कापायचं ते सांगते. म्हातारं झालंय. वाकलंय. वाऱ्यात भिंतीवर पडेल. शिवाय ह्या चक्रवाकांनी बुंध्याला भोक पाडलंय आणि आत घर केलंय. झाड पोकळ झालं. पोकळ झाड ठेवून काय करायचं? अजून काय सांगायला हवं? तू इथे येऊन बघणार आहेस का? नाही ना? मग मी सांगते ते धर आणि अंगठा उठव.

तुझं हे नेहमीचं आहे. माणूस दहा गोष्टी बोलतो, तू एक शब्द विचारतेस आणि गप्प बसतेस, आणि मग त्या एका शब्दानं माणसाला चार दिवस झोप नाही. लहानपणीही हेच. आई कंटाळून काय म्हणायची ते आठवतं का? मी चक्रवाक आणि तू बायूद. ‘चक्रवाक नुकसान करतो ते ओरडून करतो,’ म्हणायची. ‘दिसतो, दगड मारता येतो, पाणी आटलं की उडून जातो. बायूदला आवाज नाही. मुळातून चढतो, आतल्या आत वर जातो, आणि आपल्याला कळतं तेव्हा शेंडा गेलेला असतो. यामनाची मला भीती नाही, ती आली की गल्लीच्या तोंडापासून ऐकू येते. मिलूदाच्या पोटात काय आहे ते अल्लालाच माहीत.’ मग तू तीन दिवस कुणाशी बोलायची नाहीस, आणि आई म्हणायची, बघा, चढला.

बरोबरच म्हणायची. मी जे आहे ते तोंडावर बोलते. उशीर करू नकोस. सी मबारक रोज विचारतो आणि मला त्याच्याशी खोटं हसावं लागतं.

यामना


१९ मार्च

रब्हा, आधी एवढं वाच आणि पत्र खाली ठेव.

मेंदीची दोन्ही रोपं आत्ताच्या आत्ता उपटा. मुळाला चिकटलेल्या मातीसकट. हातभर खोल खणा. माती गोणीत भरा, बागेबाहेर रस्त्यापलीकडे न्या, रोपं जाळा. खड्ड्यात चुना टाका. खणलेलं फावडं जाळात धरा. ज्या चपला घालून पाणी घातलं त्या जाळा. मेंदीला घातलेलं पाणी पिल्लांकडे वाहिलं असेल तर पिल्लांच्या बाजूनं चर खणा, दोन हात खोल. हे सगळं करून ये, मग पुढचं वाच.

केलंत? आता वाच.

मिलूदा, तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ. ‘चक्रवाक भिंतीत राहतो.’ मी बूजमासमोर वाचली आणि मला हसूच आलं, पहिल्या पत्रात मीच तसं लिहिलं होतं. तो म्हणाला, काय, खुशीची खबर? मी म्हटलं, हो. मग घरी आले आणि भट्टीपाशी बसून राहिले. विझली तरी बसूनच होते.

दुसऱ्या दिवशी शेतकी खात्यातली एक बाई झाडं बघायला आली. पोरगेलीशी, चष्मा, डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. प्रत्येक बागेतून निघताना ते बूट बादलीत बुडवून धुवत होती. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, एवढं काय त्यात, पाहुणी येऊन पाय धुते तशी तू जाताना धुतेस. ती म्हणाली, खाला, बायूद नुसता खजुरातच राहत नाही. लसूणघासात राहतो, मेंदीत राहतो. त्यांना काही होत नाही. पान पिवळं पडत नाही, वाढ थांबत नाही. नुसता मुळात धरून ठेवतात, आणि शेजारी खजूर लावला की त्याला देतात.

मी विचारलं, मेंदी दिसायला चांगली असली तरी? ती म्हणाली, दिसायला चांगली असते म्हणूनच तर लोक उपटून दुसऱ्याला देतात.

कप माझ्या हातातून पडला नाही. तसलं काही झालं नाही. मी तिला अजून साखर हवी का विचारलं. ती गेल्यावर हे पत्र लिहायला बसले.

मी तुला दुसऱ्यांदा दिला, मिलूदा. ह्या वेळी न कळत. पहिल्या वेळी कळून.

लिहिते. रब्हा, वाचताना थांबू नकोस. आवाज खाली आणू नकोस. मावशीला सगळं ऐकू जायला हवं. मी ओरडून सांगितलं असतं, पण तिथवर माझा आवाज पोचत नाही.

रब्हाच्या लग्नाला बावीस दिवस होते. मी आईच्या झाडाखाली लसूणघास कापत होते. पाठ सरळ करायला उभी राहिले आणि वर पाहिलं. मधल्या फेरीतली एक झावळी. एका बाजूची पाती पांढरी, बुडापासून टोकापर्यंत. दुसरी बाजू हिरवीगार. काही दिवसांनी पांढरं टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं खाली उतरलं, आणि झावळी बुंध्याला चिकटून लोंबू लागली. पाण्यातून निघालेल्या चक्रवाकाचं पीस गळतं आणि दगडाला चिकटतं, तशी. आपल्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. आजोबांनी अशी किती झाडं जाळली ते आपण दोघींनी गढीच्या भिंतीवर बसून पाहिलं आहे. तू तेव्हा माझा हात धरला होतास.

मी वर चढले. ह्या वयात, कपडे कमरेला खोचून, सगळे दुपारचे आडवे झाले होते तेव्हा. झावळी कापली, तुकडे केले आणि भट्टीत घातले. त्याच जाळावर भाकरी भाजल्या. त्याच संध्याकाळी तू आणि ह्माद लग्नाचं शेवटचं बोलायला आलात. त्या भाकरी तुम्ही खाल्ल्यात. तू म्हणालीस, आज भाकरी चांगली फुगली.

का केलं? मोठं कारण असतं तर मी कधीच सांगितलं असतं. नवरीच्या आईनं स्वतःच्या आईच्या झाडाची पिल्लं द्यायची, ही रीत. झाडाला बायूद आहे म्हटलं की पिल्लं गेली. आणि यामनानं, जी सगळ्या गावाला तोंडावर बोलते, तिनं मुलगी रिकाम्या हातानं पाठवली, हे मला ऐकायचं नव्हतं. एवढंच. मी मनाशी म्हटलं, एकच झावळी आहे, पिल्लांपर्यंत गेला नसेल. पाचही पिल्लं मीच बुंध्यापासून सोडवली. एकाचं मूळ कापलं तेव्हा आत लालसर रेघ दिसली. मी ते माती लावून सगळ्यांत आधी बांधलं.

पुढचं तुला माहीत आहे. पिल्लं वर्षभरात गेली. मग त्यांच्या शेजारची तुझी चार मोठी झाडं. तू आलीस, चहाला हात लावला नाहीस, हळूच म्हणालीस, ‘यामना, हे तुझ्या पिल्लांबरोबर आलं.’ बस. तेवढंच. आणि मी अंगणात उभी राहून ओरडले. माझं झाड बघा म्हटलं, एक पांढरं पान दाखवा. दाखवणार कुठून, मी दर महिन्याला चढत होते. म्हटलं, तुझा मुलगा दहा गावच्या झाडांवर चढतो, विळा धुतो का कधी, त्यानंच आणला. म्हटलं, आई बरोबर म्हणायची, तूच बायूद आहेस. पंधरा माणसं ऐकत होती. एकानंही माझं खोटं मानलं नाही. यामनाच्या पोटात काही राहत नाही, ती कशाला लपवील?

तिथेच मी लपले होते, मिलूदा. माझ्या तोंडामागे. आयुष्यभर सगळं बोलत आले, म्हणून हे एक न बोललेलं कुणाला दिसलं नाही.

तुझ्या मुलाच्या हातचं काम मी घालवलं. लोक मूर्ख नाहीत. त्यांना मी सांगितलं ते त्यांनी धरलं.

मी चक्रवाकांकडे बघत असते हल्ली. ते जव खातात ते मला दिसतं. पिल्लं झाली की ओरडत भिंतीवरून उड्या मारायला लावतात, सगळ्या गावासमोर ओळीनं नदीकडे नेतात. लपवाछपवी नाही. त्यांनी केलेलं नुकसान एका पावसात भरून येतं. आणि तो दुसरा. तो झाडाच्याच पाण्याबरोबर वर चढतो. झाडाला वाटत असेल, पाणीच पितोय. जे शेंड्याला जगवतं तेच त्याला वर नेऊन पोचवतं. मी तुला जे जे प्रेमानं पाठवलं त्यातूनच तो आला.

आईनं नावं उलटी ठेवली. चुकली ती. आता तिला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते.

झाड का कापायचं, ते हे. आता त्याच्यावर हिरव्या मोजक्या झावळ्या उरल्यात आणि मला चढवत नाही. पाणी आलं की माझ्या वाफ्यातून खाली सात बागांत जाईल. होकार दे किंवा नको देऊस. न दिलास तर मी सी मबारकला सगळं सांगून तसंच कापायला लावीन. पण तुझा अर्धा वाटा आहे, म्हणून आधी तुला.

रब्हा, तुला काही लिहीत नाही. काय लिहू. पत्र वाचून झाल्यावर मावशीचं ऐक. ती म्हणेल तसं कर.

यामना


२ एप्रिल

मिलूदा,

तुझा अंगठा आला नाही. ह्माद आला.

मी पाटावर होते. शनिवारी पाण्याच्या पाळ्या ठरवायला सगळे पाटाच्या तोंडाशी जमतात, तिथे मी गेले. बाई म्हणून मागे बस म्हणाले, मी बसले नाही. सी मबारकला म्हटलं, पाळीच्या आधी माझं ऐका. आणि तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. झावळी, भाकरी, लाल रेघ, विळ्याची गोष्ट. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्यांना नेहमीसारखंच वाटलं असतं. खालच्या बागेचा म्हातारा अद्दी म्हणाला, ‘यामना, तुझ्या पोटात एवढं राहिलं कसं?’ कुणीतरी हसलं. मग हसायचं थांबलं, कारण प्रत्येकजण आपल्या बागेचा हिशोब करू लागला. अद्दीची बाग माझ्या लगेच खाली आहे. तो उठून गेला. माझ्याशी तो पुन्हा बोलेल असं वाटत नाही. त्याच्या बायकोनं काल भट्टीवर माझ्या पिठाशेजारी पीठ ठेवलं नाही.

मी घरी आले तर ह्माद झाडाखाली उभा. विळा, कुऱ्हाड, दोर. मला सलाम केला, बस. मी म्हटलं, आईनं पाठवलं? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, काय म्हणाली? तो आधी चढला. किती दिवसांनी तो झाडावर चढत होता, मिलूदा. दोर कमरेला, अनवाणी, आणि वर पोचेपर्यंत तीन-चारदा थांबला. दम लागला म्हणून नव्हे. तिथून सगळी खालची झाडं दिसतात, फुलोरे फुटलेले, बांधायचे राहिलेले. तो बघत होता.

शेंडा आधी उतरवला. मग बुंधा, तुकडे करून. पडलं तेव्हा चक्रवाक भिंतीतून बाहेर आले आणि असे ओरडले की अर्धं गाव गोळा झालं. बरं झालं, मला कुणाला बोलवावं लागलं नाही. सगळं तिथल्या तिथे जाळलं. मुळं खणली, लसूणघास उपटला, मेंदी उपटली. त्या शेतकी बाईनं सांगितलं तसं खड्ड्यात चुना टाकला. तिथे आता बरीच वर्षं काही लावायचं नाही. धरणाचं पाणी मंगळवारी आलं. माझा वाफा मी बंद ठेवला. पाळी अद्दीला दिली. त्यानं घेतली, आभार नाहीत, काही नाही. ठीक आहे.

झाड पाडलं की त्याच्या शेंड्यातला गाभा खायला वाटायचा असतो. आईच्या झाडाचा गाभा पांढरा निघाला, मिलूदा. बायूद शेंड्याला अजून पोचला नव्हता. दुधासारखा. ह्मादनं तो दोन हातांत धरला आणि माझ्याकडे बघितलं. अर्धा तुझा, ही रीत. मी आधी फडकं आणायला वळलेसुद्धा. सवय. मग थांबले. म्हटलं, टाक. त्यानं जाळात टाकला. साखर जळल्यासारखा वास आला. तुझा अर्धा वाटाही जळला. त्याबद्दल तू मला विचारू शकतेस.

जाताना ह्मादनं कुऱ्हाड, विळा निखाऱ्यात धरले, लाल होईपर्यंत. दोर जाळून टाकला. मग नदीवर जाऊन पाय धुतले. मी मागे मागे गेले. सी मबारक तिथे आला आणि त्याला म्हणाला, माझी बारा झाडं बांधायची राहिलीत, उद्या येशील का? ह्माद म्हणाला, आईला विचारून सांगतो. एवढा मोठा माणूस, पण तुझाच मुलगा. एक शब्द, आणि गप्प.

मग त्यानं तुझा निरोप सांगितला. पाठ करून आणल्यासारखा, माझ्याकडे न बघता. ‘आई म्हणाली, मेंदी उपटली. पिल्लं अजून हिरवी आहेत, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कळणार नाही. आई म्हणाली, मावशीला सांग, तोवर काही पाठवू नको. आणि मावशी येणार असेल, तर नदीत पाय धुवून ये म्हणावं.’

मी विचारलं, हे दुसरं तिनं म्हटलं की तू? तो म्हणाला, मावशी, मी एवढं लांब बोलतो का कधी?

मिलूदा, ह्या पत्राबरोबर काही नाही. बूजमाला मी नुसता कागद दिला आहे. तोही बागेत नाही, गच्चीवर बसून लिहिला आणि झटकून घडी घातली. पिशवीत दुसरं काही दिसलं, तर ते माझं नाही, जाळ.

उन्हाळा जाऊ दे. पिल्लांचं काय होतं ते कळू दे. हिरवी राहिली तरच येईन. नाही राहिली तर तुझं तोंड बघायला कुठल्या तोंडानं येऊ. आले तर नदीशी उतरेन, चपला पलीकडच्या काठावरच टाकेन, पाय घासून धुवेन. दारात येईन तेव्हा माझ्या हातात साखरेची ढेप नसेल, खजूर नसेल, कसलं रोप नसेल. शेजारणी बघतील आणि म्हणतील, सख्खी बहीण आणि हात हलवत आली.

म्हणू दे. तू मात्र माझे हात उलटेपालटे करून बघ. मग आत घे.

यामना